करंजाचें तेल आणि वीज

इ. स. १९०० सालीं पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत डीझेल पद्धतीचें एक लहानसें इंजिन भुइमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें, आणि तें इतक्या सुरळीत चाललें कीं फारच थोड्या प्रेक्षकांच्या ही गोष्ट ध्यानांत आली. वनस्पतीच्या तेलावर यंत्र चालतें कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हांच मिटला. कोणतें तेल, कोणत्या यंत्रांत आणि काय मोल देऊन, हा मात्र अजून मिटावयाचा आहे.

हा प्रश्न पडताळून पाहण्यास मराठवाड्यांतील हिंगोली जिल्हा मोठा सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत खरिपास सोयाबीन, वसमतकडे हळद, आणि ओढ्याकांठीं करंजाचीं झाडें. करंजाचें कडू तेल पूर्वीं दिव्यांत जळत असे. तें जनित्रांत कां जळूं नये?

लहान वायु-टर्बाइनची रचना वरवर सोपी आहे. हवा दाबावयाची, तींत इंधनाचा फवारा जाळावयाचा, आणि तप्त वायूच्या झोतानें चाक फिरवावयाचें. त्याच आंसावर जनित्र असतें. तीस किलोवॅटच्या अशा एका यंत्राचा आंस मिनिटास ९६,००० फेरे घेतो! इतक्या नाजूक यंत्रास घाण्यावरचें कच्चें तेल सोसत नाहीं. तें डीझेलच्या सुमारें दहापट दाट असतें. फवारा बारीक पडत नाहीं, थेंब अर्धवट जळतात आणि काजळीचीं पुटें बसतात.

म्हणून तेलाचें बायोडीझेल करावें लागतें. शंभर किलो तेलांत अदमासें अकरा किलो मेथॅनॉल व थोडा दाहक सोडा घालून ऊन करीत ढवळलें कीं ग्लिसरीन तळाशीं बसतें आणि वर पातळ इंधन राहतें. करंजाच्या तेलांत मोकळीं आम्लें पुष्कळ असतात. तीं आधीं काढलीं नाहींत तर इंधनाऐवजीं साबण हातीं येतो. याहून मोठा धोका उरलेल्या सोड्याचा. उष्ण झोतांत सोडियम गंधकाशीं मिळून त्याचा क्षार धातूवर बसतो व पातें कुरतडलें जातें. बायोडीझेलच्या मानकांत सोडियम आणि पोटॅशियम मिळून दहा लाखांत पांच भाग चालतात. टर्बाइनचे कारखानदार बहुधा एका भागापलीकडे जाऊं देत नाहींत. अर्थात् इंधन धुण्याची शिस्त हीच येथें खरी कसोटी.

आतां हिशेब. तीस किलोवॅटचें यंत्र इंधनांतील उष्णतेचा केवळ पाव हिस्सा विजेंत उतरवितें. तासास त्यास साडेअकरा किलो बायोडीझेल लागेल. तेवढें तेल सोयाबीनमधून काढावयाचें तर साठ किलोंहून अधिक दाणे हवेत. चांगल्या वर्षीं एका एकरांत आलेलें पीक दहा-बारा तासांत संपलें! पेंड उरते, हें खरें. परंतु जो देश आपल्या खाद्यतेलाचा अर्ध्याहून मोठा वांटा परदेशांतून आणतो, त्यानें तें जाळणें शोभत नाहीं. करंजाचें तेल कोणाच्या ताटांत जात नाहीं आणि त्याची पेंड खतास उत्तम. आदिलाबाद जिल्ह्यांतील आदिवासी वस्तींत करंजतेलावर जनित्रें चालविण्याचा प्रयोग झालेला आहे. तीं मात्र साधीं इंजिनें होतीं, टर्बाइन नव्हेत. आणि त्यांत शहाणपण होतें, कारण तेवढ्याच तेलांत इंजिन अधिक वीज देतें.

मग टर्बाइनचा कैवार कशासाठीं घ्यावा? वसमतची हळद त्याचें उत्तर देऊं शकेल. टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायु पावणेतीनशें अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. काढणीनंतर हळद शिजवावी लागते, त्यासाठीं सरपण जळतें. पुढें ती घासून उजळण्याचें पिंप फिरविण्यास वीज लागते. वाया जाणाऱ्या झोतावर पाणी उकळलें आणि त्याच यंत्राच्या विजेनें पिंप फिरलें, तर इंधनाचा बराच मोठा भाग कामीं येईल. अडचण एवढीच कीं हळदीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. उरलेल्या काळांत त्या उष्णतेस गिऱ्हाईक मिळेपर्यंत हिंगोलीच्या शेतकऱ्यास करंजतेलावरचें साधें इंजिनच परवडेल.