मनाची जखम

गुडघा फुटला, तर जखम दिसते. तिच्यावर खपली धरते व चार दिवसांत ती बरी होते. मनाची जखम मात्र कोणास दिसत नाही. ज्या मुलाने घरात नित्य मारहाण पाहिली, त्याचे मन सदैव सावध राहावयास शिकते. ही सवय पुष्कळदा मोठेपणीही सुटत नाही. विशीतला तो तरुण दार आपटले तरी दचकतो, कोणावर विश्वास टाकीत नाही, क्षुल्लक कारणाने संतापतो. लोक त्यास तापट म्हणून मोकळे होतात. हा अन्यायच होय.

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांची वाटचाल एमी वर्नर व रूथ स्मिथ या विदुषींनी ४० वर्षे न्याहाळली. त्यांपैकी ज्यांनी दारिद्र्य, गृहकलह अशी अनेक संकटे बालपणीच सोसली, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मुले अठराव्या वर्षापर्यंत अभ्यासात वा वर्तनात अडखळली. उरलेली मात्र कर्तबगार व मायाळू निघाली. त्यांना जीव लावणारे एक तरी माणूस लाभले होते; कोणास आजी, कोणास शेजारीण, कोणास शिक्षक. (या यादीत शिक्षक पाहून मला समाधान वाटले.) अडखळलेल्यांपैकीही पुष्कळ जण पुढे तिशी-चाळिशीत सावरले.