मीठ एकाच पातेल्यातलं, रक्तदाब ज्याचा त्याचा

वारणा खोऱ्यातल्या घरांत वर्षाची चटणी उन्हाळ्यात एकदाच करून ठेवतात. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, गरम मसाला आणि खडे मीठ कांडपातून एकजीव होऊन आलं की पुढचं वर्षभर आमटीतून, रश्श्यातून किती मीठ पोटात जाणार याचा बराचसा हिशोब तिथंच ठरतो. वर लोणचं, पापड, खर्डा, चहाबरोबरची शेव. वारणानगरच्या साखर कारखान्यात पाळी करणारा मुलगा, कॉलेजला जाणारी नात, दूध डेअरीतून निवृत्त झालेले आजोबा आणि घर सांभाळणारी आजी या सगळ्यांच्या ताटात त्याच पातेल्यातलं कालवण येतं. तरी वर्षानुवर्षं तेच खाऊन आजीचा रक्तदाब चढतो आणि आजोबांचा जागचा हलत नाही. या फरकामागे जनुकांचा हात आहे, हे आता वादातीत आहे. पण त्यावरून लोक जो निष्कर्ष काढतात तो मला उलटा वाटतो. ‘ज्याला मीठ बाधतं त्यानं ते सोडावं, बाकीच्यांनी खुशाल खावं,’ असं म्हटलं जातं. पुरावा नीट पाहिला तर जनुकांतला हा फरकच सगळ्यांच्या पातेल्यातलं मीठ कमी करण्याचं सर्वांत भक्कम कारण ठरतो.

सुरुवात मूत्रपिंडापासून करावी लागते. निरोगी माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात जवळपास दीड किलो मीठ असतं, आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त मीठ सूक्ष्म नलिकांमधून रक्तात परत घेतलं जातं. आपण खातो ते ८-१० ग्रॅम मीठ या उलाढालीपुढे किरकोळ आहे. म्हणूनच परत घेण्याच्या प्रमाणात अगदी थोडी चूक झाली तरी शरीरात मीठ साठतं, त्यामागोमाग पाणी साठतं आणि दाब वाढतो. हा परतीचा दरवाजा किती उघडायचा ते ठरवणारी प्रथिनं जनुकांच्या आराखड्यावर बनतात. अमेरिकेतल्या ग्रँट लिडल या डॉक्टरांनी १९६३ मध्ये एका कुटुंबाचं वर्णन केलं. त्यातल्या माणसांना तरुणपणीच प्रचंड रक्तदाब होता आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. पुढे १९९० च्या दशकात कारण सापडलं. नलिकेच्या शेवटच्या भागातल्या सोडियम-मार्गिकेच्या जनुकात बदल झाला होता, त्यामुळे काम संपलेल्या मार्गिका पेशीच्या पृष्ठभागावरून काढून घेतल्या जात नव्हत्या. त्या कुटुंबातल्या एका रुग्ण स्त्रीची मूत्रपिंडं निकामी झाल्यावर तिच्यावर प्रत्यारोपण झालं, आणि दुसऱ्याचं मूत्रपिंड बसताच तिचा जुना विकार गेला. लुईस डाल यांनी उंदरांवर हेच दाखवलं होतं. निवडक पैदाशीतून त्यांनी मीठ बाधणारे आणि न बाधणारे असे उंदरांचे दोन वाण तयार केले होते. बाधणाऱ्या वाणाचं मूत्रपिंड न बाधणाऱ्यात बसवलं, की त्याचाही दाब वाढायचा. रक्तदाब मूत्रपिंडाबरोबर प्रवास करतो, असंच म्हणायचं.

लिडलसारखे विकार मात्र फार दुर्मीळ. बहुतेकांच्या बाबतीत एकच जनुक दोषी नसतं, शेकडो जनुकांचे बारीक वाटे असतात. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा रक्तदाबाशी संबंधित जागांची संख्या ९०० पर्यंत पोचली होती. त्यातल्या एकेका जागेचा परिणाम बहुधा एका अंकाहूनही कमी. एके काळी ‘मिठाचं जनुक’ म्हणून गाजलेली काही नावं नंतरच्या तपासण्यांत कधी टिकली, कधी ढेपाळली. तरीही माणसागणिक प्रतिसाद वेगळा असतो हे मोजून दाखवलेलं आहे. चीनच्या ग्रामीण भागातल्या ‘जेनसॉल्ट’ अभ्यासात कुटुंबंच्या कुटुंबं आधी सात दिवस रोज ३ ग्रॅम मिठाच्या आणि मग सात दिवस रोज १८ ग्रॅम मिठाच्या जेवणावर ठेवली गेली. तेच अन्न, तेवढेच दिवस, पण दाबातला फरक ज्याचा त्याचा, आणि नातलगांमध्ये तो थोडाफार मिळताजुळता. अमेरिकेत मायरन वाइनबर्गर यांनी १९८० च्या दशकात वेगळी पद्धत वापरली. आधी शिरेतून मिठाचं पाणी द्यायचं आणि नंतर औषध व कमी मिठाचा आहार यांनी मीठ बाहेर काढायचं. सरासरी दाब दहा किंवा अधिक अंकांनी उतरला, तर तो माणूस मीठ-संवेदनशील. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी निम्मे आणि दाब नॉर्मल असलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा या वर्गात निघाला. २००१ मध्ये त्यांनी याच लोकांचा सत्तावीस वर्षांचा पाठपुरावा मांडला. तेव्हा दाब नॉर्मल पण मीठ बाधणारे लोक उच्च रक्तदाबवाल्यांसारख्याच प्रमाणात दगावलेले दिसले. आज यंत्रावर १२०-८० दिसतं म्हणून मीठ आपल्याला मानवतं, या समजुतीला यानंतर फारसा आधार उरत नाही.

आणि जन्मजात म्हणजे जनुकीयच, असंही नाही. इथं पुण्याचा संदर्भ मोलाचा आहे. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर भरत. अंगानं बारीक, पण चरबी त्यामानानं जास्त. त्या अभ्यासाचा मुख्य रोख मधुमेहाकडे होता. पण गर्भात कुपोषण झालं तर मूत्रपिंडातल्या गाळण्याही कमी तयार होतात, आणि जन्मानंतर त्या नव्यानं होत नाहीत. जर्मनीत २००३ मध्ये अपघातात मेलेल्यांची मूत्रपिंडं तपासली, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये गाळण्या इतरांच्या जवळपास निम्म्याच आढळल्या. म्हणजे आजीला मीठ बाधतं याचं मूळ तिच्या जनुकांत असेल, किंवा तिच्या आईनं पोटुशी असताना काढलेल्या दुष्काळातही असेल. शिवाय वयाबरोबर ही संवेदनशीलता वाढते, आणि आहारातलं पोटॅशियम कमी पडलं तरी वाढते. चाळिशीत मीठ पचवणारा साठीत पचवेलच, याची हमी नाही.

मग सरळ जनुक-तपासणी का करून घेऊ नये? कारण मीठ कोणाला बाधेल हे खात्रीनं सांगणारी चाचणी आज हाती नाही. ज्या मोठ्या पाहण्यांवर असे अंदाज बेतलेले आहेत त्यांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातली दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना खुली झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. त्यातून उत्तरं यायला वेळ लागेल. वाइनबर्गर यांची चाचणीही त्याच माणसावर पुन्हा केली तर निकाल दर वेळी जुळतोच असं नाही. मुळात संवेदनशील आणि असंवेदनशील अशा दोन जाती नाहीतच. ती एक चढण आहे, आणि रेघ कुठं मारायची ते आपण ठरवतो.

उन्हात राबणाऱ्याला मीठ लागतंच, हा शेतकरी घरातला हक्काचा युक्तिवाद, आणि तो निम्मा खरा आहे. उसाच्या फडात दिवसभर घाम गाळणाऱ्याच्या अंगातून मीठ जातं. पण शरीर हे सांभाळून घेतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जेरोम कॉन यांनी दाखवलं, की उष्ण दमट हवेची सवय झाली की काही दिवसांत घामातलं मीठ झपाट्यानं घटतं. मीठ धरून ठेवणारी जनुकं उष्ण प्रदेशांत जास्त का आढळतात याचं एक स्पष्टीकरणही असंच दिलं जातं. मीठ दुर्मीळ होतं आणि घाम मुबलक, तेव्हा ती उपकारक ठरली असतील. हा अंदाज आहे, पण पटण्याजोगा. त्याच फडात राबलेल्या माणसाची सून आज कार्यालयात खुर्चीवर बसते आणि जेवणातली चटणी मात्र सासूच्याच मापाची असते.

याहून गंभीर आक्षेप आहे तो ‘प्युअर’ या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा. फार कमी मीठ खाणाऱ्यांमध्येही हृदयविकार व मृत्यू जास्त दिसतात, असं त्यानं २०१४ मध्ये मांडलं. त्याला झटकून टाकता येत नाही. पण तिथं मिठाचा अंदाज एका वेळच्या लघवीवरून केला होता, आणि आधीच आजारी असलेला माणूस जेवतोच कमी, म्हणून त्याचं मीठही कमी भरतं. ज्या प्रयोगांत चोवीस तासांची लघवी पुन्हा पुन्हा तपासली, तिथं मीठ कमी केलेल्या गटाला पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हृदयविकाराचा त्रास कमीच झाला. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची ५ ग्रॅमची मर्यादा आपल्या जेवणापासून इतकी लांब आहे, की मीठ फार कमी पडण्याची चिंता आपल्या पंक्तीला तूर्त शोभत नाही.

कोणाला बाधेल ते ओळखता येत नसेल आणि स्वयंपाक एकच असेल, तर उपायही पातेल्यापाशीच करावा लागतो. पाश्चात्त्य देशांत बरंचसं मीठ कारखान्यात बनलेल्या पाव-मांसातून येतं, म्हणून तिथं कंपन्यांना वठणीवर आणावं लागतं. आपल्याकडे ते मुख्यतः घरात पडतं, त्यामुळे निर्णयही घरातच होऊ शकतो. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर प्रयोग झाला. निम्म्या गावांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं, कोणाचीही जनुकं तपासली नाहीत, आणि तिथं पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. वारणेकाठी ज्यांनी ऊस, दूध आणि किराणासुद्धा सहकारातून चालवून दाखवला, त्यांच्या ग्राहक भांडारात असं मीठ समोरच्या फळीवर यायला अडचण नसावी. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. जनुक-तपासणीची खरी जागा वेगळीच आहे. विशी-पंचविशीतच दाब वाढलेला, घरात आणखी दोघा-तिघांना तसाच त्रास, आणि रक्तातलं पोटॅशियम कमी, अशा रुग्णाची ती जरूर करावी. कारण विकार लिडलचा निघाला तर अमिलोराइड लागू पडतं, आणि एरवी अशा वेळी दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन काहीच काम करत नाही.