भाऊसाहेब बांदोडकर आणि गोव्याचा जनमत कौल

नेत्याचे मुख्य उद्दिष्ट मतदारांनी नाकारावे आणि नेत्यास मात्र पुन्हा सत्तेवर बसवावे, असे राजकीय इतिहासात क्वचितच घडते. केनवडसारखी वऱ्हाडातील गावे १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आली, ती संसदेच्या कायद्याने. गोव्यात मात्र विलीनीकरणाचा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला.

खाणमालक दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हेच त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे ध्येय होते. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. तथापि त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. याउलट, जमैकाचे नॉर्मन मॅन्ली १९६१ साली वेस्ट इंडीज संघराज्याविषयीचे सार्वमत हरले आणि १९६२ साली सत्ताही गमावून बसले.

हा भेद कशामुळे? १९६४ चा कूळकायदा व मराठी प्राथमिक शाळांचा प्रसार यांमुळे बहुजन समाजाचा बांदोडकरांवरील विश्वास विलीनीकरणापुरता मर्यादित राहिला नव्हता. शिवाय घरी कोंकणी बोलणारा गोमंतकीय वाचन व भजन मराठीत करी. म्हणून त्याची भाषिक निष्ठा एकेरी नव्हती, आणि ती प्रदेशनिष्ठेशी एकरूपही नव्हती.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच बांदोडकर निवर्तले. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.