एका जुन्या लष्करी लॉरीचें पुनरुज्जीवन

आमच्या गांवाबाहेर लांकडाची एक जुनी वखार आहे. तिच्या मागच्या अंगणांत, चिंचेच्या झाडाखालीं, दहा चाकांची एक लॉरी कित्येक वर्षें उभी होती. जाणारेयेणारे तिला नुसतें 'मिलिटरी गाडी' म्हणत. टपावर पाला सांचून त्याची माती झाली होती व त्या मातींत हातभर उंचीचें पिंपळाचें रोप वाढलें होतें. वखारीचे वृद्ध मालक वारल्यावर त्यांच्या नातवानें ती भंगारांत न घालतां पुन्हां रस्त्यावर आणण्याचें मनावर घेतलें. आणि मी शाळेंत विज्ञान शिकवितों, शिवाय मला लोखंडाची थोडीबहुत आवड आहे, म्हणून त्या कामीं मला बोलाविलें. त्या दीड वर्षांत जें पाहिलें व जें हातानें केलें, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें येथें सांगतों.

प्रथम ही लॉरी कोणत्या कुळांतली, तें सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४१ ते १९४५ पर्यंत, अमेरिकेंत जी. एम. सी. कंपनीनें अडीच टनी लष्करी लॉऱ्या पांच लाखांहून अधिक बांधल्या. त्यांचें कारखान्यांतील नांव 'सी. सी. के. डब्ल्यू.' असें चमत्कारिक आहे. पण त्यांतील प्रत्येक अक्षरास अर्थ आहे. पहिला 'सी' म्हणजे १९४१ सालची रचना. दुसरा 'सी' म्हणजे इंजिन पुढें व चालकाची खोली त्याच्या मागें, ही नेहमींची धाटणी. 'के' म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची शक्ति मिळते. आणि 'डब्ल्यू' म्हणजे मागें शक्ति मिळणारे दोन आंस आहेत. फ्रान्समध्यें १९४४ सालीं पुढें गेलेल्या सैन्यास पेट्रोल व दारूगोळा पोंचविणारी जी 'रेड बॉल एक्सप्रेस' ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत रात्रंदिवस धांवली, तिचा भार मुख्यत्वें ह्याच लॉऱ्यांनीं वाहिला, व त्या हांकणारे बहुतेक शिपाई कृष्णवर्णी अमेरिकन होते. आपल्या देशांतही आसामांतील लेडो गांवाहून ब्रह्मदेशांतून चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ह्या लॉऱ्या चालल्या. त्या वाटेनें १२ जानेवारी १९४५ रोजीं निघालेला पहिला तांडा ४ फेब्रुवारीस कुनमिंग येथें पोंचला. युद्ध संपल्यावर लष्कराजवळ उरलेली हजारों वाहनें विकण्यांत आलीं. तीं माल वाहणाऱ्यांनीं व जंगलाच्या ठेकेदारांनीं घेतलीं. आमची लॉरी अशीच हातोहात फिरत त्या वखारींत आली होती.

नातवाची इच्छा अशी होती कीं, चार महिन्यांवर आलेल्या पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकींत ही लॉरी असावी व तिच्या हौद्यांत शाळेचीं मुलें बसवावीं. गांवांतील एका मिस्त्रीनें सांगितलें, "नवी बॅटरी घाला, पेट्रोल ओता, सुरू करून देतों." तो खोटें बोलत नव्हता, इंजिन बहुधा सुरू झालेंही असतें. परंतु लॉरी सुरू होणें आणि ती रस्त्यावर नेण्यास योग्य होणें, ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. जागेवर धडधडणाऱ्या गाडीला थांबण्याचें काम पडत नाहीं.

पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या इंजिनास एकदम विजेनें फिरवूं नये. पिस्टनच्या कड्या सिलिंडरला गंजानें चिकटलेल्या असतात, व झडपा आपल्या जागीं अडकून बसलेल्या असतात. त्यांवर एकाएकीं जोर आला कीं, कड्या तुटतात किंवा झडपा ढकलणाऱ्या सळया वांकतात. म्हणून आम्हीं सहाही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक भोकांतून पातळ तेल व रॉकेल ह्यांचें थोडें मिश्रण आंत सोडलें, आणि आठ दिवस कांहींएक केलें नाहीं. विद्यार्थ्यांना हेंच सर्वांत कठीण गेलें! रोज संध्याकाळीं दोघेचौघे येत व "आज फिरवायचें का?" असें विचारीत. नवव्या दिवशीं पुढच्या बाजूचें हँडल लावून हलक्या हातानें दाब दिला, तेव्हां इंजिन बोटभर हललें. मग मागें, मग पुढें, असें करीत दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत त्यानें पुरता फेरा घेतला.

ह्यानंतर तळाचें ऑइल चेंबर उतरविलें. तेल पाण्यापेक्षां हलकें, म्हणून वर्षानुवर्षें सांचलेला दमटपणा तळाशीं पाणी होऊन बसतो. बूच उघडतांच प्रथम पेलाभर गढूळ पाणी आलें, व मागाहून डांबरासारखें काळें तेल. चेंबरच्या तळाला बोटभर जाडीचा चिकट गाळ होता. तो तसाच ठेवून वर कितीही उंची तेल ओतलें असतें, तरी पंपाच्या जाळींत गाळ अडकून बेअरिंगांस तेल मिळालें नसतें, व इंजिन घटकाभरांत जळलें असतें. पाण्याच्या मार्गांतही तोच प्रकार होता. रेडिएटरांतून गंजाचा लाल चिखल दोन बादल्या निघाला.

पेट्रोलची टांकी उघडली, तेव्हां आंतून पेट्रोलचा नव्हे तर जुन्या वॉर्निशाचा वास आला. पेट्रोल फार दिवस राहिलें कीं त्याचा हलका भाग उडून जातो व उरलेल्याची राळ होते. ती कार्बुरेटरच्या केंसासारख्या बारीक छिद्रांत बसते. येथें पालकांस एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. पेट्रोलची रिकामी टांकी ही भरलेल्या टांकीपेक्षां अधिक भयंकर असते, कारण तिच्यांत हवा व वाफ ह्यांचें स्फोटक मिश्रण असतें. अशा टांकीस भोक पडलें म्हणून ती कोणाही वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊं नये. आणखी एक नवी अडचण अशी कीं, आजच्या पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें. तें पाणी शोषून घेतें, आणि त्या काळचें रबर व बूच त्याच्यापुढें टिकाव धरीत नाहींत. यास्तव पेट्रोलपंपाचा पडदा व सर्व नळ्या आम्हांस नव्या जातीच्या रबराच्या बसवाव्या लागल्या.

वायरिंगचें काम मीं माझ्या नववीच्या वर्गास धडा म्हणून दाखविलें. ह्या लॉरीची वीज सहा व्होल्टची आहे. इंजिन फिरविणाऱ्या मोटरीला समजा ७५० वॅट शक्ति लागते. बारा व्होल्टांवर त्यासाठीं सुमारें ६२ अँपिअर प्रवाह पुरेल. सहा व्होल्टांवर १२५ लागेल. प्रवाह दुप्पट झाला कीं त्याच तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारा नाश चौपट होतो. म्हणून अशा गाडीस जाड तारा लागतात. बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावून "मोटर कमजोर आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोष मोटरीचा नसतो. तारा जेथें चेसिसला जोडल्या होत्या, तेथील रंग व गंज खरवडून लोखंड चकचकीत केलें, एवढ्यानेंच दिवे दुप्पट उजळले. जुन्या तारांवरील सुती वेष्टण मात्र हात लावतांच गळून पडत होतें. तें पाहून आम्हीं एकूण एक तार बदलली, कारण लॉऱ्या अशाच तारांमुळें पेटतात.

जुलैच्या मध्यास इंजिन तयार झालें. मोठ्या टांकीऐवजीं एका लहान डब्यांतून पेट्रोल दिलें. प्रथम प्लग काढून इंजिन फिरविलें व तेलाच्या दाबाचा कांटा वर आलेला पाहिला. मगच प्लग बसविले. तिसऱ्या प्रयत्नांत निळ्या धुराचा लोट सोडून इंजिन बोलूं लागलें. वखारींतील माणसांनीं नारळ फोडला. नातवाचे डोळे भरून आले होते. आजोबांच्या मांडीवर बसून त्यानें लहानपणीं तोच आवाज ऐकला होता.

दुसऱ्या दिवशीं अंगणाच्या भिंतींच्या आंत, अगदीं खालच्या गिअरमध्यें, चालण्याच्या गतीनें लॉरी फिरविली. पायाचा ब्रेक तीन वेळां उत्तम लागला. चौथ्या वेळीं पॅडल खालपर्यंत गेलें व तेथेंच राहिलें. मीं इंजिन बंद केलें. खालच्या गिअरमुळें लॉरी लांकडांच्या ढिगाला नुसती टेकून थांबली. मागच्या एका चाकाच्या आंतल्या बाजूनें ब्रेकचें तेल ओघळत होतें.

हें असें कां झालें? ह्या लॉरीचे ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतात: कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो. पायाखालच्या लहान पिस्टननें दिलेला दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरांत जातो, व तेथील पिस्टन बाहेर सरकून लायनिंग ड्रमवर दाबतात. परंतु ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. वीस वर्षें उभ्या गाडीत तें पाणी सिलिंडरांना आंतून खातें, खड्डे पाडतें. पिस्टन जागच्या जागीं असेपर्यंत वाटी धरून राहते. चारदां हलला कीं तिची कड खड्ड्यांवर घांसून फाटते. आतांच्या मोटारींत ब्रेकच्या नळ्यांचे दोन स्वतंत्र भाग असतात. एक फुटला तरी दुसरा राहतो. ह्या लॉरींत सर्व चाकांना मिळून एकच मार्ग आहे. एका चाकाची दमडीमोलाची रबरी वाटी फाटली कीं सगळ्याच चाकांचा ब्रेक गेला.

मिरवणूक तीन आठवड्यांवर होती. "ती एक वाटी बदला, बाकीचीं चाकें ठीक आहेत," असें नातू म्हणाला, व गांवांतील दोन प्रतिष्ठित गृहस्थांनीं त्याची बाजू घेतली; पत्रिका छापून झाल्या होत्या. मीं त्यांना एवढेंच विचारलें कीं, ठीक आहेत हें चाक न उघडतां कोणीं पाहिलें? आमच्या मिरवणुकीचा मार्ग बाजाराच्या उतारावरून जातो. लॉरीचें वजनच पांच टनांच्या घरांत, वर चाळीस मुलें, आणि पुढें पायीं चालणारे वर्ग. मुलांस मी बसूं देणार नाहीं, असें मीं स्पष्ट सांगितलें. त्या वर्षीं मुलें पायींच गेलीं, व नातू माझ्याशीं गणेशचतुर्थीपर्यंत बोलला नाहीं. पुढें त्यानें स्वतःच सर्व चाकें उघडलीं, आणि एक सिलिंडर वर्तमानपत्रांत गुंडाळून माझ्या घरीं आणून ठेवला. त्याच्या आंतील खड्ड्यांत माझ्या नखाचें टोंक जात होतें.

चाकें उघडणें हेंही निष्काळजीपणाचें काम नव्हे. ह्या लॉरीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. आम्हांस तें ठाऊक नसल्यामुळें एक बोल्ट मोडून घेतला, ती चूक माझीच. पण त्याहून गंभीर गोष्ट टायरची. टायर रिमवर धरून ठेवणारें एक निराळें पोलादी कडें असतें. तें गंजलेलें असेल किंवा खांचेंत नीट बसलें नसेल, तर हवा भरतांना तोफेच्या गोळ्यासारखें उडतें. ह्यानें माणसें मेलेलीं आहेत. म्हणून चाकाला हात लावण्यापूर्वीं व्हॉल्वची पिन काढून सर्व हवा जाऊं द्यावी, आणि हवा भरतांना चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवून लांब नळीनें दूर उभें राहून भरावी. रस्त्याकडेच्या दुकानांत चाकावर पाय देऊन हवा भरणारीं मुलें दिसतात, तेव्हां माझ्या पोटांत गोळा येतो. आमच्या दहांपैकीं तीन कडीं टाकून द्यावीं लागलीं, आणि टायर तर दहाही. त्यांची नक्षी शाबूत होती, पण बगलांना भेगा गेल्या होत्या.

राहिलेल्या कामांविषयीं थोडक्यांत सांगतों. आंसांच्या पेट्यांतील तेल पाणी शिरून ताकासारखें पांढरें झालें होतें, तें बदललें. बेअरिंगें धुऊन नवें ग्रीस भरलें. हातब्रेकचे पट्टे नवे घातले. रंगाचें काम मुलांनीं हौसेनें केलें, व तें फारसें चांगलें झालें नाहीं.

कागदपत्रांस मात्र चार महिने लागले. लष्करी क्रमांक कितीही अभिमानानें रंगविला, तरी नोंदणी, योग्यतेचा दाखला व विमा ह्यांवांचून गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. शिवाय ही लॉरी अमेरिकन असल्यामुळें तिचें चक्र डावीकडे आहे. अशा वाहनास इशारा देणारें यांत्रिक किंवा विजेचें साधन चालू स्थितींत असलेंच पाहिजे, असें १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. आपल्याकडे डाव्या बाजूनें चालावयाचें असल्यामुळें चालक रस्त्याच्या कडेला बसतो, व पुढच्या गाडीपलीकडचें त्यास दिसत नाहीं. म्हणून उजवीकडे एक सावध सोबती बसविण्याची पद्धत आम्हीं ठेविली.

पुढील वर्षीं मिरवणुकीच्या आठ दिवस आधीं हौद्यांत मुलांऐवजीं वाळूचीं पोतीं भरून आम्हीं बाजाराचा उतार सहा वेळां उतरलों. इंजिन बंद करून किंवा गिअर काढून उतारावर सोडणें, ही जी पेट्रोल वांचविण्याची युक्ति कांहीं चालक सांगतात, ती ह्या गाडींत प्राणघातक आहे. कारण ब्रेकला जोर देणारें यंत्र इंजिनाच्याच ओढीवर चालतें. आम्ही दुसऱ्या गिअरमध्यें उतरलों, व प्रत्येक वेळीं तळाशीं थांबून नातू खालीं वांकून दहाही चाकांना हात लावून पाही. सहाव्या वेळेस त्यानें मान हलविली.

मिरवणुकीच्या सकाळीं चाळीस मुलें बसलीं. लॉरी एका लिटरांत जेमतेम तीन किलोमीटर जाते, त्यामुळें पेट्रोलसाठीं वर्गणी काढावी लागली; तिचा हिशेब शाळेच्या फलकावर लावला आहे. टपावरचें तें पिंपळाचें रोप वखारीच्या विहिरीजवळ लावलें असून तें आतां माणसापेक्षां उंच झालें आहे.