दोन लाखांतून अकरा

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नुसतं '७४१' म्हणा. शेंगदाण्याएवढा, काळा, आठ पायांचा तुकडा तुमच्या तळहातावर येईल. हा ऑप-अँप, म्हणजे ऑपरेशनल अँप्लिफायर. १९६८ साली फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलगरनं बनवलेला, आणि अजूनही विकला जाणारा!

याचं काम एकच. दोन पायांवरच्या व्होल्टेजमधला फरक बघायचा आणि तो साधारण २ लाख पट मोठा करायचा. म्हणजे मिलिव्होल्टचा जेमतेम दहावा भाग दिला, तरी हिशेबानं बाहेर २० व्होल्ट. पुरवठाच १५ व्होल्टचा असेल तर? आउटपुट छताला डोकं टेकवून बसतं. शिवाय हे २ लाखही भरवशाचे नाहीत. तुकडा बदलला, तापमान बदललं, की आकडा बदलला. असल्या बेभान जनावराचं करायचं काय?

त्याचंच त्याला ऐकवायचं! सहाव्या पायावरचं आउटपुट १० हजार ओहमच्या रेझिस्टरमधून दुसऱ्या, म्हणजे उण्या पायावर आणा. तिथून १ हजार ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. आता तिसऱ्या, अधिक पायावर ०.१ व्होल्ट द्या आणि मीटर लावा. १.१ व्होल्ट. बरोब्बर अकरा पट.

गवई तंबोऱ्याला कान लावून गातो, तसं हे आहे. अधिक पाय म्हणजे तंबोरा, उणा पाय म्हणजे स्वतःच्याच आवाजाचा कानावर पडलेला अकरावा हिस्सा. सूर जरा उतरला की आउटपुट चढतं, चढला की उतरतं. दोन्ही पाय जवळजवळ एकसुरात येतात, तिथेच ते स्थिरावतं. उरलेला फरक किती? साडेपाच मायक्रोव्होल्ट!

आणि खरी जादू पुढे आहे. समजा, २ लाखांचे निम्मे, १ लाखच उरले. आउटपुट निम्मं होईल? छे! ते हलेल फक्त ६० मायक्रोव्होल्टनं. अकरा हा आकडा आता चिपच्या हातात उरलेलाच नाही. तो काही पैशांच्या दोन रेझिस्टरांनी ठरवलाय.

बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅकला ही युक्ती २ ऑगस्ट १९२७ला सुचली, कामावर जाताना हडसन नदीतल्या फेरीबोटीवर. हातात वर्तमानपत्र होतं, त्यावरच त्यानं आकृती काढली. टेलिफोनचे अँप्लिफायर आवाज विकृत करत, त्यावर तो कित्येक वर्षं झुंजत होता. मुद्दाम मिळवलेली ताकद बहुतांश उधळून टाकायची, हे इतकं उफराटं वाटत होतं की पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

आता जोडणी थोडी बदला आणि आउटपुटकडून येणाऱ्या रेझिस्टरच्या जागी कपॅसिटर बसवा. तोच तुकडा येणाऱ्या व्होल्टेजची क्षणाक्षणाची बेरीज साठवू लागतो. कॉलेजात वही भरून केलेलं ते इंटिग्रेशन! अशा गणिती क्रियांसाठीच १९४०च्या दशकात व्हॉल्व्हचे अँप्लिफायर अॅनालॉग कॉम्प्युटरमध्ये बसत. गणिती क्रिया म्हणजे ऑपरेशन. 'ऑपरेशनल' हे नाव तिथलंच.