भाडेपावती, खरेदीखत आणि आपला वकील

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतील 556 कुटुंबांना पुनर्विकसित इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचे घर आले एवढेच घडले नाही, तर घरावरील हक्काचे स्वरूपही बदलले. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, 1920 साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या या चाळी सरकारी मालकीच्या होत्या. त्यामुळे तीन-चार पिढ्या तेथे राहिलेल्या कुटुंबांच्या लेखी घराचा पुरावा म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाची भाडेपावती होती, आणि सर्च, मुद्रांक, दस्तनोंदणी यांच्याशी त्यांचा फारसा संबंध येत नसे. आता याच कुटुंबांतील एखादा मुलगा परळ-लालबागला दुसरे घर पाहू लागतो किंवा एखादा बाहेरचा ग्राहक या इमारतींत घराची चौकशी करू लागतो, तेव्हा एजंट आणि बँक यांच्या जोडीने आपला स्वतःचा वकील असणे अगत्याचे ठरते.

इंग्लंडमध्ये मिळकतीचे हस्तांतरण करून देणाऱ्या सॉलिसिटरचा व्यवसाय वेगळा आहे. मुंबईतही उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत अॅटर्नी हा वेगळा वर्ग होता, परंतु 1976 च्या दुरुस्तीने तो भेद कायद्यातून गेला. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आजही होत असली, तरी घरखरेदीचे काम बार कौन्सिलची सनद असलेला कोणताही वकील करू शकतो. म्हणून पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा हा वकील मिळकतीचीच कामे नियमाने करतो का, आणि शहर विभागातील जुन्या मिळकतींचे दफ्तर त्याच्या हाताखालून गेले आहे का, हे विचारणे अधिक उपयोगाचे. फौजदारी न्यायालयात नाव कमावलेला ओळखीचा वकील या कामाला चांगला असेलच असे नाही.

निवडीत सर्वांत जास्त चूक होते ती वकील कोणाचा, या प्रश्नावर. विकासकाचा वकील विकासकासाठी काम करतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पासोबत असलेला मालकी हक्काचा अहवालही विकासकानेच करवून घेतलेला असतो. बँकेच्या पॅनेलवरील वकील कर्जाची रक्कम सुरक्षित आहे का, हे पाहतो. घराच्या किमतीपैकी ग्राहकाने स्वतःच्या खिशातून घातलेला भाग बुडेल का, ही त्याची जबाबदारी नव्हे. ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद चोख’ हे चाळीत हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे. खर्च वाचवण्यासाठी विक्रेता व ग्राहक यांनी मिळून एकच वकील ठेवणे तर ग्राहकाने टाळावेच.

वकिलाचे पहिले काम म्हणजे विक्रेत्याकडे नेमका कोणता हक्क आहे हे ठरवणे, आणि मध्य मुंबईत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींत पागडी चालते, म्हणजे भाडेकरू मोबदला घेऊन आपला भाडेहक्क दुसऱ्याला देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 56 ने अशा मोबदल्याला मान्यता दिली. परंतु हा कायदा सरकारी मिळकतींना लागू नाही, त्यामुळे बीडीडीतील जुन्या खोलीचा व्यवहार पागडीच्या नियमाने झाला असे कोणी सांगत असेल, तर वकिलाने तेथेच थांबून शासनाने हस्तांतरण मान्य केल्याचा कागद मागितला पाहिजे. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. पुनर्विकसित घराच्या बाबतीत पात्रता यादीतील नाव, जुन्या खोलीचा क्रमांक, म्हाडाशी झालेला करारनामा आणि त्यातील हस्तांतरणाच्या अटी एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे लागते. पावती आजोबांच्या नावे, ताबा धाकट्या मुलाकडे आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांचे म्हणणे कोणी विचारलेलेच नाही, अशी घरे थोडी नाहीत. तेथे नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर येतो सर्च, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या दफ्तरातील, साधारण तीस वर्षांच्या नोंदींचा शोध. यात हाती येणारा मुख्य कागद म्हणजे सूची क्रमांक 2, अर्थात इंडेक्स टू. एकाच पानावर विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचे वर्णन, क्षेत्रफळ, दस्त करून देणारा व घेणारा यांची नावे, दस्त करून दिल्याचा आणि नोंदणीचा असे दोन वेगळे दिनांक आणि भरलेले मुद्रांक शुल्क असते. जाणकार वकील यातून बरेच वाचतो: मोबदला बाजारभावापेक्षा फारच कमी का, आधीच्या दस्तात घेणाऱ्याचे नाव आणि पुढच्या दस्तात देणाऱ्याचे नाव जुळते का, मधला एखादा दुवा गळला का. दस्त नोंदवला गेला म्हणजे विक्रेता मालक होता असे मात्र सिद्ध होत नाही, कारण दस्त नोंदवून घेणे म्हणजे मालकीची हमी देणे नव्हे. बँकेकडे मूळ कागद ठेवूनही गहाण होते, म्हणून झेरॉक्सवर भागत नाही; मूळ दस्तांची साखळी डोळ्यांनी पाहावी लागते. सहकारी सोसायटीच्या घरात जमीन अजून विकासकाच्याच नावावर आहे का, मानीव अभिहस्तांतरण (विकासक टाळाटाळ करतो तेव्हा सक्षम प्राधिकरणामार्फत सोसायटीला मिळणारी मालकी) झाले आहे का, हेही मिळकत पत्रिकेवरून कळते. वर्तमानपत्रातील जाहीर सूचना हा बहुतेकदा उपचारच होतो, पण तो सोडू नये.

हे सारे विसार देण्यापूर्वी व्हायला हवे. प्रत्यक्षात लोक आधी विसारपावती करतात आणि मग वकिलाकडे जातात, तेव्हा त्याच्या सल्ल्यातला ‘घेऊ नका’ हा पर्याय आधीच महागलेला असतो. नव्या प्रकल्पात रेरा कायद्याने नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई आहे, पण जुन्या घराच्या विक्रीत असे संरक्षण नाही. मुंबईत 1 कोटीच्या घराला सर्वसाधारणपणे 6 टक्के म्हणजे 6 लाख रुपये मुद्रांक शुल्क आणि 30 हजार रुपये नोंदणी शुल्क भरणारा ग्राहक वकिलाच्या फीवर घासाघीस करतो, ही उलटी काटकसर आहे. फी आणि तीत काय येते, म्हणजे सर्च, लेखी अहवाल, मसुदा, नोंदणीला हजेरी, हे सुरुवातीसच कागदावर घ्यावे. ‘सगळं क्लिअर आहे’ एवढे फोनवर सांगणाऱ्याकडून सहीनिशी अहवाल मागावा, आणि त्यातील अपवाद व शेरे आधी वाचावेत, कारण वकील आपली शंका बहुधा तेथेच नोंदवतो.

ग्राहकाकडूनही वेळेवर कागद येणे, रोख दिलेली रक्कम न लपवणे, आणि 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर 1 टक्का करकपात आपणच करून भरायची आहे हे जाणणे अपेक्षित असते. नोंदणीच्या दिवशी अंगठा व फोटो झाला की सारे पेढे वाटायला निघतात. भागपत्रावर नाव चढणे, मालमत्ता कराच्या नोंदीत आणि बेस्टच्या मीटरवर बदल होणे, विक्रेत्याचे कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र मिळून मूळ कागद हाती येणे ही कामे तेव्हा बाकीच असतात. फीचा शेवटचा हप्ता त्यांसाठी राखून ठेवायचे आरंभीच ठरवले, तर वकिलाकडे खेटे कमी पडतात.