साठ नंबरचं रील

जुनी फिशिंग रिलं दुरुस्त करणारं कुणी किनाऱ्यावर आहे का ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं आणि मी रेवदंड्याला गेलो. इथे कुंडलिकेच्या मुखाशी, समोर कोर्लईचा किल्ला ठेवून, जिताड्यासाठी गळ टाकणारे हौशी लोक बसतात. हातानेच तंगूस सोडणाऱ्या कोळ्याला रिलाचं फारसं अप्रूप नाही. ज्यांना आहे, ते आपली रिलं काकांकडे आणतात. काका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. पडवीतल्या टेबलावर रॉकेलचा डबा, कानशी, डिसमिस आणि पोट उघडलेलं ‘पेन’ कंपनीचं साठ नंबरचं रील.

इतिहास थोडकाच सांगतो. ऑटो हेन्झे या जर्मन स्थलांतरिताने 1932 मध्ये फिलाडेल्फियात ‘पेन’ सुरू केली. दुसरं जुनं नाव ‘मिचेल’. फ्रान्समधलं हे रील घडलं ते क्लूज या घड्याळजींच्या गावात. आज दोन्ही नावं एकाच कंपनीच्या मालकीची आहेत.

मी खिळून राहिलो तो ब्रेकपाशी. मोठ्या दातेरी चक्राच्या पोटात वायसरांची चळत असते: एक फायबरचा, एक धातूचा, पुन्हा फायबरचा. धातूचे काही वायसर चक्रात अडकलेले, काही मधल्या नळीला. मुठीजवळची चांदणी आवळली की चळत दाबली जाते. मासा उसळला की चक्र या चळतीवर घसरत फिरतं आणि तंगूस सुटत जाते. मूठ उलटी फिरत नाही, कारण एक इवलीशी खिट्टी तिला अडवून धरते.

“घसरायला पाहिजे, पण मोजून,” काका म्हणाले. “अडकलं तर तंगूस तुटली. सैल पडलं तर मासा गेला.”

जुने वायसर तेल पिऊन किंवा वाळून कडक होतात आणि ब्रेक धक्के देत सुटतो. काका तिथे कार्बन फायबरचे घालतात. माझ्या मते ही सुधारणाच आहे. जुनेपणाच्या हट्टापायी मासा घालवण्यात अर्थ नाही.

खरी लढाई खाऱ्या पाण्याशी. पेनच्या बेकेलाइटच्या तबकड्या टिकतात, पण आतलं पितळ हिरवं पडतं. मिचेलचं अंग ॲल्युमिनियमचं, स्क्रू पोलादी. खाऱ्या पाण्यात असे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि स्क्रू जाम होतो. जोर केला की त्याचं डोकं हातात येतं. म्हणून आधी रॉकेलमध्ये भिजवणं, मग थोडी ऊब, मग पुन्हा भिजवणं.

एवढं करून सुटा भाग हवाच. पेनने प्रत्येक भागाला क्रमांक दिला, ही त्यांची मोठी पुण्याई. 6-60 म्हटलं की साठ नंबरच्या रिलाचा ब्रेकचा वायसर. पण तो परदेशातून मागवायचा तर टपाल आणि जकात मिळून वायसरापेक्षा महाग पडतात. स्क्रूचे आटे इंची मापाचे, बाजारातले बहुतेक स्क्रू मिलिमीटरचे. मग अलिबागच्या लेथवर एकेक पाडून घ्यायचा. दातेरी चक्राचं तसंही जमत नाही. ते दुसऱ्या मेलेल्या रिलातूनच काढावं लागतं, आणि मेलेली रिलं लोक पितळेच्या भावाने भंगारात घालतात.

तुमच्या माळ्यावर असं एखादं असेल तर ते घासूनपुसून कपाटात मांडू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. चांदणी सैल करा, गोड्या पाण्याने हलकेच धुवा, वाळवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. चालू होणार नसेल, तरी त्याचं चक्र दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.